उतारावर न ठरणारी जीप : हँडब्रेकची परीक्षा व दुरुस्ती

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं तीन शहरें उल्हास नदीच्या खोऱ्यांत एकमेकांस लागून वसलीं आहेत. बदलापुराहून बारवी धरणाकडे किंवा कोंडेश्वराकडे, अथवा अंबरनाथाहून मलंगगडाच्या पायथ्याकडे निघालें म्हणजे सपाट खाचरें संपून वरकस जमिनी, मुरमाड चढ व ओढ्यांच्या दरडी लागतात. अशा ठिकाणीं शेणखत नेणें, पेंढा व गवत आणणें, जांभळाच्या करंड्या वेळेवर बाजारांत पोंचविणें हीं कामें पूर्वीं बैलगाडी करी. आतां पुष्कळ ठिकाणीं तीं जीप करते. बैलगाडी चढावर उभी करावयाची झाली तर गाडीवान प्रथम चाकाखालीं दगड लावी आणि मग जूं उतरी. जीप आली, हाताशीं ब्रेकचा दांडा आला, आणि दगड लावण्याची संवय मात्र सुटली.

चालत्या गाडींत बिघाड झाला तर चालकाच्या हातीं कांहीं तरी उपाय असतो. उभी गाडी आपोआप चालूं लागली तर कोणाच्याच हातीं कांहीं नसतें. त्या वेळीं गाडीच्या मागें माल चढविणारे मजूर असतात, सावलीला मुलें बसलेलीं असतात, बांधाखालीं बैल बांधलेले असतात. म्हणून हँडब्रेकचा ढिलेपणा ही किरकोळ बाब समजूं नये. या लेखांत हा ढिलेपणा कसा ओळखावा, त्याचें मूळ कोठें शोधावें व दुरुस्ती कोणत्या क्रमानें करावी, याचा आम्ही विचार करणार आहों. आमचें मुख्य म्हणणें आरंभींच सांगतों : दांडा सैल लागला कीं केबल आवळावयाची, हा सार्वत्रिक उपाय बहुधा चुकीचा आहे. केबलचा क्रम शेवटचा. पहिला क्रम ड्रमच्या आंतील भागांचा.

हँडब्रेकचे दोन प्रकार

जीप ही मूळची लष्करी गाडी. अमेरिकेंत १९४१ पासून दुसऱ्या महायुद्धाकरितां ती मोठ्या संख्येनें तयार झाली. युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीज कंपनीनें तीच गाडी शेतकऱ्यांच्या उपयोगाची म्हणून बाजारांत आणिली. आणि पुढें महिंद्रा अँड महिंद्रा या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत तिची जुळणी सुरू केली. या जुन्या घराण्यांतील कित्येक गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस, जेथून प्रोपेलर शाफ्ट निघतो तेथें, एक लहान ड्रम असतो. अगदीं जुन्या गाड्यांत या ड्रमला बाहेरून पट्टा आवळतो. पुढच्या गाड्यांत ड्रमच्या आंत दोन शू फांकतात. हा पहिला प्रकार. याला आपण शाफ्टचा ब्रेक म्हणूं.

दुसरा प्रकार आजच्या बहुतेक गाड्यांचा. यांत दांड्यापासून केबल निघून मागील दोन्ही चाकांच्या ड्रमांत जाते, आणि पायाच्या ब्रेकचेच शू हातानें ओढले जातात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हें खालीं वांकून एकदां पाहून ठेवावें. कारण दोहोंचे दोष निराळे आणि धोकेहि निराळे.

शाफ्टच्या ब्रेकचा एक धोका प्रथमच सांगून ठेवणें अवश्य आहे. मागील दोन चाकें डिफरन्शियलनें जोडलेलीं असतात. शाफ्ट जाम असला तरी एक चाक पुढें व दुसरें तितकेंच मागें फिरूं शकतें. म्हणून मागील एक चाक जॅकनें उचललें, कीं तें अधांतरीं चाक मोकळेपणीं फिरतें, आणि जमिनीवरचें चाकहि सुटतें. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनहि गाडी जॅकवरून निसटते ती याच कारणानें. एक चाक चिखलांत किंवा ओल्या गवतावर असलें तरी कमीअधिक तसेंच होतें.

ब्रेकवर किती भार येतो

सहा मीटर आडव्या अंतरास एक मीटर चढ, असा उतार आपल्या माळांवर सर्वत्र आढळतो. मालासह २,००० किलो वजनाची गाडी अशा उतारावर उभी असतां तिला खालीं ओढणारें बळ सुमारें ३३० किलो भरतें. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर व चाकांतील ड्रमची त्रिज्या १४ सेंटिमीटर धरली, तर ड्रमच्या कडेवर त्याच्या अडीचपट, म्हणजे दोन्ही चाकें मिळून सुमारें ८२५ किलोची पकड लागते. शाफ्टच्या ब्रेकला डिफरन्शियलचे दांते साह्य करितात. चाकाच्या एका फेरीस शाफ्टच्या सुमारें पांच फेऱ्या होतात. म्हणून शाफ्टवर पांचवा हिस्साच जोर येतो, आणि ड्रम साडेअकरा सेंटिमीटर त्रिज्येचा असला तरी सुमारें २०० किलोची पकड पुरते. लहानसा ड्रम जड गाडी धरतो यांतील मर्म हेंच. परंतु त्याच ड्रमवर तेलाचा थर बसला तर सगळा आधार एकदम जातो. कारण दुसरा ड्रम नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गाडीच्या वजनापैकीं निम्में, म्हणजे १,००० किलो, मागील चाकांवर आहे असें समजलें, तर ३३० किलोचा जोर अडविण्यासाठीं जमिनीनें चाकांवरील भाराच्या एक-तृतीयांश इतकी पकड दिली पाहिजे. कोरडा मुरूम ती देतो. ओलें गवत किंवा खाचराच्या कडेची निसरडी माती देईलच असें नाहीं. तेथें ब्रेक निर्दोष असूनहि चाकें न फिरतां गाडी तशीच घसरत जाते. हा दोष ब्रेकचा नव्हे, जागेचा. आणि त्यावर कोणत्याहि मेस्त्रीजवळ औषध नाहीं.

मागें १,५०० किलोची ब्रेक नसलेली ट्रॉली असेल तर खालीं ओढणारें बळ सुमारें ५७५ किलो, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट होतें. ब्रेक मात्र तोच, आणि जमिनीवर टेकलेलीं चाकेंहि तींच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलींतील १३ क्रमांकाच्या नियमांत मालवाहू गाडीचा हँडब्रेक भारासह शेंकडा १८ च्या चढउतारावर गाडी धरील, आणि ट्रॉली जोडलेली असतां सबंध जोडी शेंकडा १२ वर धरील, अशी अपेक्षा केली आहे. आपला सहांस एकचा उतार शेंकडा सुमारें १७ चा होतो. म्हणजे नव्या, निर्दोष गाडीची कसोटी ज्या ठिकाणीं संपत येते, तेथें आपण रोज भरलेली ट्रॉली उभी करितों.

परीक्षा कशी करावी

परीक्षेसाठीं असा सौम्य उतार निवडावा कीं गाडी सुटलीच तर ती मोकळ्या सपाट जागेंत थांबेल. गाडीच्या पुढें-मागें कोणीहि उभें राहूं नये. उताराच्या बाजूस चाकापासून वीतभर अंतरावर मोठे दगड ठेवावे. चालकानें पायाचा ब्रेक दाबून गाडी उभी करावी, गिअर न्यूट्रलमध्यें घ्यावा, हँडब्रेक ओढावा आणि पाय हळूहळू उचलावा. हीच परीक्षा गाडीचें तोंड चढाकडे व नंतर उताराकडे करून दोनदां घ्यावी; ड्रमचा ब्रेक एका दिशेस चांगला धरतो व दुसऱ्या दिशेस कमी, असें पुष्कळदां आढळतें. दांडा ओढतांना किती दांते वाजतात तेंहि मोजावें. बहुतेक गाड्यांत चार ते आठ दांत्यांत ब्रेक लागला पाहिजे. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा.

परीक्षेंत चार प्रकारचीं लक्षणें दिसतात.

पहिलें, दांडा फार वर येतो व शेवटींच थोडासा धरतो. याचा अर्थ आंत ढिलाई आहे. लायनर झिजले आहेत, ॲडजस्टर मागें सरला आहे, किंवा केबल ताणली अथवा तिचे पीळ तुटले आहेत.

दुसरें, दांडा लवकरच कठीण लागतो, परंतु गाडी सरकते. येथें ढिलाई नाहीं. येथें पकड नाहीं. लायनरवर तेल आलें आहे, लायनर तापून कांचेसारखे गुळगुळीत झाले आहेत, किंवा केबल आवरणांत गंजून अडकली आहे, म्हणून हाताचा जोर ड्रमपर्यंत पोंचतच नाहीं. या लक्षणावर केबल आवळणें म्हणजे वाहून जाणारें पाणी अडवावयाचें सोडून मोटेचा दोर आंखूड करण्यासारखें आहे.

तिसरें, ब्रेक लागतो, पण दांडाच कांहीं वेळानें खट्‌कन खालीं सुटतो. दोष दांड्याच्या दांत्यांत किंवा त्यांत अडकणाऱ्या खिटींत आहे. झिजलेले दांते कानशीनें धारदार करण्याच्या भरीस न पडतां तो भागच बदलावा.

चौथें लक्षण शाफ्टच्या ब्रेकचें. गाडी धरली जाते, पण त्यापूर्वीं बरीच मागेंपुढें डुलते. थोडेसें डुलणें या रचनेंत स्वाभाविक आहे; कारण ड्रम व चाक यांच्यामध्यें शाफ्टचे जॉइंट व डिफरन्शियलचे दांते येतात. डुलणें वाढत चाललें असेल तर जॉइंट झिजले असें समजावें. जॉइंट तुटला तर शाफ्टचा ब्रेक असून नसल्यासारखा होतो.

दुरुस्तीचा क्रम

गाडी सपाट व टणक जागीं घ्यावी. पुढील चाकांना दोन्ही बाजूंनीं दगड किंवा लांकडी ठोकळे लावावे. मागील आंसाखालीं दोन्हीकडे भक्कम घोडे द्यावे; नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. मग हँडब्रेक सोडून केबलचा नट बराच सैल करावा. केबल सैल करण्यापासून आरंभ कां, तें पुढें कळेल.

ड्रम काढल्यावर आंतील धूळ तोंडानें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी. मग लायनर पाहावा. चिकटविलेला लायनर दीड-दोन मिलिमीटरांवर आला, किंवा रिव्हेट मारलेल्या लायनरांत रिव्हेटचीं डोकीं पृष्ठभागाशीं येऊं लागलीं, म्हणजे तो बदलावा. आणि बदलतांना दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. तेलानें भिजलेला लायनर रॉकेलनें धुऊन किंवा जाळावर धरून सुधारत नाहीं. वरून कोरडा दिसला तरी तापल्याबरोबर आंतील तेल पुन्हां वर येतें.

नवा लायनर बसविण्यापूर्वीं तेल कोठून आलें हें शोधलेंच पाहिजे; नाहीं तर महिन्याभरांत नवाहि भिजेल. चाकाच्या ड्रमांत तें आंसाच्या सीलमधून येतें, अथवा व्हील सिलिंडर गळून ब्रेक ऑइल येतें. शाफ्टच्या ड्रमांत तें ट्रान्सफर केसच्या मागील सीलमधून येतें. नवें सील बसवूनहि गळती थांबत नसेल तर आंसावरील व ट्रान्सफर केसवरील हवा सोडणारें लहान बोंडूक पाहावें. आपल्याकडे ओढे उतरतांना त्यांत चिखल बसून तें बंद होतें. मग आंतील तेल तापलें, हवा फुगली, कीं तिला बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं आणि ती तेलाला सीलमधून ढकलते. काडीनें बोंडूक मोकळें करणें हें दोन मिनिटांचें काम आहे. तें न केल्यामुळें सीलांवर मात्र पैसे जात राहतात. तेल वाजवीपेक्षां अधिक भरलें असलें तरी हाच परिणाम होतो.

यानंतर केबल चाकाकडील टोंकास सोडवून हातानें मागेंपुढें ओढून पाहावी. ती सहज सरकून परत आली पाहिजे. अडखळत असेल, आवरण चेपलें असेल किंवा पीळ तुटले असतील तर केबल बदलावी. ज्या ठिकाणीं एका दांड्याची ओढ दोन केबलींत वांटली जाते, तेथील पट्टी गंजून तिरकी अडकली नाहीं ना, हेंहि पाहावें. नाहीं तर एकच चाक सगळा भार घेतें.

आतां जुळणी. ड्रम बसवून ॲडजस्टर इतका फिरवावा कीं चाक हातानें फिरविणें जड जाईल. मग तो थोडा मागें घ्यावा, म्हणजे चाक मोकळें फिरेल व शूचा अगदीं हलका स्पर्श ऐकूं येईल. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर पायाचा ब्रेक चारपांच वेळां दाबावा, म्हणजे शू आपल्या जागीं बसतात. हें सर्व झाल्यानंतरच केबलचा नट आवळावा, आणि तोहि पुस्तकांत सांगितलेल्या दांत्यांवर ब्रेक लागेल इतकाच. दांडा पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाकें मोकळीं फिरलींच पाहिजेत.

हा क्रम उलटा केला तर काय होतें तें पाहा. शू झिजलेले असतां केबलच आवळली, तर दांडा त्या दिवशीं घट्ट लागतो व मालकास समाधान वाटतें. परंतु ताणलेली केबल ड्रमच्या आंतील तरफ पूर्ण मागें येऊं देत नाहीं. शू अर्धवट फांकलेलेच राहतात, चालतांना घासतात, तापतात व गुळगुळीत होतात. ज्या गाड्यांत ॲडजस्टर आपोआप फिरतो तेथें त्याचें कामहि या तरफेच्या अडथळ्यानें बंद पडतें. कांहीं आठवड्यांनीं ब्रेक पूर्वींपेक्षांहि ढिला होतो आणि केबल आणखी आवळली जाते. शेवटीं नटाची आटी संपते; तेव्हां लायनर, ड्रम व केबल या तिन्हींचा खर्च एकदम येतो. शाफ्टच्या ब्रेकलाहि हाच नियम लागूं आहे : आधीं शू किंवा पट्टा, मागाहून ओढ.

नवे लायनर बसविल्यावर चाकांच्या हँडब्रेकच्या गाडींत मोकळ्या रस्त्यावर अगदीं सावकाश चालतांना दांडा दोनचार वेळां हलकेच ओढावा, म्हणजे लायनर ड्रमशीं मिळतो. शाफ्टच्या ब्रेकवर हा प्रयोग कदापि करूं नये. चालत्या गाडींत तो ओढल्यास सगळा झटका शाफ्ट, जॉइंट व डिफरन्शियल यांस बसतो.

पुराचें पाणी व पावसाळा

२६ जुलै २००५ चा जलप्रलय या भागास विसरतां येण्यासारखा नाहीं. आणि २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेंहि वाचकांस आठवत असेल. ज्या गाडीच्या चाकांवर पुराचें पाणी आलें, तिचे ड्रम उघडल्यावांचून ती उतारावर उभी करूं नये. गाळ लायनर व ड्रम यांच्या मध्यें बसून दोहोंस खातो, आणि केबलच्या आवरणांत शिरलेलें पाणी ती आंतून गंजवितें. ड्रम स्वच्छ पाण्यानें धुऊन वाळवावे व आंसांतील तेल पाहावें. तें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें समजून सर्व बदलावें.

पावसाळ्यांत गाडी बरेच दिवस न वापरतां ठेवावयाची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवूं नये. ओले शू ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागीं गिअर घालून व चाकांना दगड लावून ठेवावी.

ट्रॅक्टर असणाऱ्यांसाठीं दोन शब्द. बहुतेक ट्रॅक्टरांत डाव्या व उजव्या चाकांचीं ब्रेकचीं पेडलें निरनिराळीं असतात, आणि तींच दाबून खिटीनें अडकविलीं म्हणजे ट्रॅक्टर उभा राहतो. पेडलें जोडणारी कडी लावलेली नसेल तर एकच चाक धरलें जातें. उतरण्यापूर्वीं ती कडी पाहावी.

गाडी उभी करण्याची शिस्त

शक्य तों गाडीचें तोंड चढाकडे करावें. त्यामुळें वजन मागील चाकांवर अधिक पडतें, आणि हँडब्रेक धरतो तींच चाकें जमिनीस अधिक घट्ट चिकटतात. पुढील चाकें अशीं वळवून ठेवावीं कीं गाडी सुटलीच तर ती बांधाकडे किंवा दरडीकडे वळेल, ओढ्याकडे नव्हे. हँडब्रेक ओढून गाडीचा भार त्यावर येऊं द्यावा, मग इंजिन बंद करून गिअर घालावा : तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर मागचा.

चारहि चाकांची ओढ घालावी, म्हणजे इंजिनाची रोक पुढील चाकांसहि पोंचते, आणि शाफ्टचा ब्रेकहि चारहि चाकांवर चालतो. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलमध्यें राहिला नाहीं ना, हें अवश्य पाहावें. जीपच्या इंजिनावर पंप किंवा कडबा कापण्याचें यंत्र चालवितांना हा दांडा न्यूट्रलमध्यें घ्यावा लागतो. त्या वेळीं गिअर घातलेला असला तरी तो चाकांपर्यंत पोंचत नाहीं, आणि गाडी केवळ हँडब्रेकवर उभी असते. अशा कामाच्या वेळीं दगडांवांचून गाडी उभी ठेवणें म्हणजे जाणून-बुजून संकट ओढवून घेणें होय.

आणि शेवटीं दगड. उताराच्या बाजूनें दोन चाकांना, आणि ट्रॉली असेल तर तिच्याहि चाकांना. दोन लांकडी ठोकळे दोरीनें बांधून गाडींतच ठेवले तर शेतांत दगड शोधावा लागत नाहीं.

वर्षांतून दोनदां, एकदां मृगापूर्वीं व एकदां भातकापणी होऊन वाहतूक वाढण्यापूर्वीं, वर सांगितलेली परीक्षा घ्यावी व तारीख आणि दांत्यांची संख्या वहींत टिपून ठेवावी. पांच दांत्यांवर लागणारा ब्रेक आठांवर गेला, कीं ड्रम उघडण्याची वेळ झाली असें समजावें. उल्हासनगर व अंबरनाथ येथें दुरुस्तीचीं दुकानें हवीं तितकीं आहेत. मात्र मेस्त्रीस "हँडब्रेक आवळून द्या" असें सांगूं नये. "ड्रम उघडून दाखवा" असें सांगावें. अर्धा दिवस अधिक मोडेल, परंतु गाडी जेथें उभी करूं तेथेंच ती सांपडेल.